दुःखाची मुखत्यारी

मनुष्याच्या अंतःकरणातील दुःखाचे निदान करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा भासला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. भगवद्गीतेने आपला पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाला दिला, त्या विषादालाही योग म्हटले. आणि अर्जुनाने आपली व्यथा पुरती मांडून स्वतः होऊन शिष्यत्व पत्करल्यावाचून भगवंतांनी तत्त्वोपदेशास आरंभ केला नाही. जी मर्यादा भगवंतांनी पाळली, ती सरकारी खात्यांना आणि आम्हा शहरवासीयांना का पाळता येऊ नये?

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांची 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्थाही तेथे १९९० पासून झटते आहे. परंतु त्याच शहराच्या माथ्यावर येऊरच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत, आणि कल्याणपलीकडे मुरबाड-शहापुरात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचे रान जंगलकायद्यांनी हिरावले. आज त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. अशा घरातील तरुण जगण्याला विटतो, तेव्हा त्याच्या दुःखात कर्ज, वियोग, हरपलेले रान आणि दुरावलेले देव असे सारेच एकवटलेले असते, आणि ते उलगडण्यास एकट्या वैद्याची विद्या अपुरी पडते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखालील मनुष्य मानून शिक्षेपासून वाचविले, ही मोठी माणुसकी होय. १९९६ च्या पेसा कायद्याने तर अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी सल्लामसलत सक्तीची केली, आणि रूढी-परंपरांचे जतन करण्यास ग्रामसभा समर्थ मानली. जमिनीसाठी ज्यांना विचारावे लागते, त्यांच्या मनाविषयीच्या योजना मात्र त्यांना न विचारता आखाव्या, ही विसंगती मला असह्य वाटते. ऑस्ट्रेलियातील आदिम जमातींनी २०१५ च्या 'गाया धुवी' जाहीरनाम्यात आपल्या मानसिक आरोग्याच्या कार्यात आपलेच नेतृत्व मागितले. तो हक्क आमच्या वारल्यांचाही आहे.

येथे शंका येईल, की मग मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्या भगताच्या हाती सारे सोपवायचे काय? नाही. ज्या समाजात बाईला भुताळी ठरवून छळल्याच्या घटना घडल्या, तेथे केवळ भगताचे ऐकणे म्हणजे त्या बाईला पुन्हा मुके करणे होय. म्हणून विचारविनिमयात लग्न लावणारी धवलेरी हवी, शिकलेला मुलगा हवा, गावची आरोग्यसेविका आशाताई हवी, आणि ज्या घरात आत्महत्येने मृत्यू घडला त्या घरची माणसेही हवीत. भगताला वगळू नये, पण त्याने रुग्णाची दवाखान्याची वाट कधीही अडवू नये.

वीटभट्टीच्या हंगामात वाड्या ओस पडलेल्या असतात. त्या दिवसांत बोलाविलेली सभा दफ्तरापुरतीच उरेल. जिल्हा परिषदेने येत्या पावसाळ्यात, माणसे घरी असताना, शहापूर तालुक्यातील ग्रामसभांपुढे मानसिक आरोग्याच्या योजनांचा विषय ठेवावा, आणि त्यांनी सुचविलेल्या माणसांनाच या कामाची मुखत्यारी व वेतन द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.