कारागिरी कां राखावी?

हस्तकौशल्य राखलें पाहिजे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. तें कां राखावें, ह्याचें उत्तर मात्र बहुधा 'जुनें आहे म्हणून' ह्याच्या पलीकडे जात नाहीं. इंग्लंडांतील मॉल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनीच्या मोटारींकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न किती अवघड आहे तें कळून येतें.

ह्या लहान, वेगवान गाड्यांची चासी लांकडाची असते, असा एक लोकप्रवाद आहे. तो निराधार होय. भार वाहणारी चासी १९३६ च्या पहिल्या चारचाकी गाडीपासून पोलादाची, शिडीसारखी, होती. लांकूड आहे तें तिच्यावर बसणाऱ्या देहाच्या चौकटीला. ॲश वृक्षाचें हें लांकूड चिवट व लवचिक असतें. मागील चाकावरची कमान सुतार अखंड फळींतून कोरून काढीत नाहीं. तसें केल्यास वळणावर लांकडाचे तंतु मध्येंच कापले जातात. तो पातळ पट्ट्या एकमेकींस चिकटवून साच्यांत वांकवितो आणि सुकेपर्यंत आवळून ठेवितो. हें काम घाईनें होत नाहीं. १९९० सालीं सर जॉन हार्वे-जोन्स ह्या विख्यात उद्योगपतींनीं उत्पादन वाढविण्याचा उपदेश केला. मॉर्गन पितापुत्रांनीं तो ऐकून घेतला आणि मानला नाहीं. गिऱ्हाइकें वर्षानुवर्षें थांबत होतीं. आमच्याकडील सोनारांचे वायदे त्यापुढें कांहींच नव्हेत!

येथवर गोष्ट परंपरेच्या अभिमान्यांना सुखकर आहे. पण २०१९ मध्यें ह्याच कंपनीनें ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली नवी चासी पुढें आणली व पुढल्याच वर्षीं ती पोलादी शिडी बंद केली. लांकडी चौकट तेवढी राहिली. जी परंपरा तळाशीं सोडली ती वर कां धरावी? केवळ गिऱ्हाइकाला आवडते म्हणून धरली असेल, तर सुतार हा सुताराचें सोंग घेतलेला नट ठरेल, आणि कुशल मनुष्याची ह्याहून मोठी मानहानि आम्हांस सुचत नाहीं.

आमच्या मतें पाहावयाचें तें इतकेंच कीं, त्या लांकडावर कांहीं भार आहे कीं नाहीं. मॉर्गनच्या गाडीचा पत्रा त्या चौकटीच्याच आधारानें उभा असतो. सांधा कच्चा राहिला तर दार कुरकुरेल व तें मालकाच्या कानीं पडेल. जोंवर सुताराची चूक अशी उघडकीस येते, तोंवर त्याचें काम खरें आहे. चासी बदलली ह्याचें आम्हांस म्हणूनच दुःख वाटत नाहीं. उद्यां चौकटीचेंहि काम दुसऱ्या कशानें अधिक चांगलें होऊं लागलें, तर लांकूड शोभेपुरतें ठेवण्यापेक्षां काढून टाकावें, आणि सुताराचे हात जेथें खरोखर लागतात अशा कामाला लावावे. तसें काम मॉल्व्हर्नसारख्या लहान गांवीं त्याला मिळेल कीं नाहीं, हें मात्र आमच्या ह्या युक्तिवादानें ठरत नाहीं.