झाकणाखालचे पाणी

लहान होडीवर जागा फार थोडी असते, म्हणून तिची एकही पोकळी कोणी वाया जाऊ देत नाही. नाळेजवळ आणि मागच्या बाजूला फळीखाली बंद कप्पे केलेले असतात. त्यांत दोर, नांगर, पिण्याच्या पाण्याचे डबे, जाळ्याचे सामान, जीवरक्षक जाकिटे ठेवतात. आजच्या फायबरच्या होड्यांत या कप्प्यांना प्लास्टिकची किंवा फायबरची झाकणे असतात आणि झाकणाच्या कडेने रबराची पट्टी बसवलेली असते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण समुद्रापासून दूर, भोपाळ, नागपूर किंवा दिल्लीस राहतात. त्यांनी अशी होडी जवळून पाहिली नसेल, म्हणून हे जरा विस्ताराने सांगत आहे.

ऊन आणि खारे पाणी यांनी रबर कडक होते व त्याला चिरा पडतात. झाकण थोडे वाकते. त्याची चौकट ज्या स्क्रूंनी बसवलेली असते, त्यांची भोके सैल होतात. मग प्रत्येक लाटेबरोबर पेलाभर पाणी आत उतरते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही; फळी धुतलेली, झाकण बंद. पण तो कप्पा केवळ सामानाचा नसतो. त्यातील कोंडलेली हवा होडीला तरंगत ठेवण्यास हातभार लावीत असते. दोनशे लिटरांचा कप्पा भरला तर दोनशे किलोंहून थोडे अधिक वजन होडीत शिरले, म्हणजे तीन माणसे न सांगता येऊन बसली. आणि ही माणसे स्वस्थ बसणारी नव्हेत. कप्पा अर्धवट भरलेला असेल तर होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते पाणी धावते आणि तिला आणखी कलवते. शांत पाण्यात याचा पत्ता लागत नाही. वारा फिरला म्हणजे लागतो.

हे झाकण दोन रीतींनी दुरुस्त करता येते. पहिली रीत अशी: चौकट काढावी, जुना चिकट थर खरवडावा, आतला ओलावा पुरता सुकू द्यावा, स्क्रूची जुनी भोके इपॉक्सीने भरून नवी पाडावी, नवी चौकट सीलंटच्या गादीवर बसवावी आणि पहिल्या दिवशी स्क्रू बेताचेच आवळावे. एकदम घट्ट आवळले तर सारे सीलंट कडेने बाहेर निघून जाते आणि मध्ये काही उरत नाही. सीलंट वाळल्यावर ते शेवटचे आवळावयाचे. या कामाला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस होडी किनाऱ्यावर राहते. दुसरी रीत म्हणजे नळीतून सीलंटची एक रेघ झाकणाच्या कडेने ओढावी आणि वरून रंग द्यावा. हे अर्ध्या तासाचे काम. दिसावयास दुसरे काम पहिल्याइतकेच चांगले दिसते. खरे सांगावयाचे तर अधिकच चांगले दिसते.

पुढचा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. ज्याने झाकण उचलून कधी पाहिलेच नाही, तो उद्या अपघात झाल्यावर शपथेवर सांगू शकतो की, आत पाणी आहे हे मला ठाऊक नव्हते. तो खोटे बोलत नाही. मग तो निर्दोष आहे काय?

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ एका जहाजमालकाच्या गोष्टीने होतो. जहाज जुने आहे, अनेकदा दुरुस्त झालेले आहे, आणि त्यातून देशांतरास निघालेली गरीब कुटुंबे जावयाची आहेत. मालकाच्या मनात शंका येते. परंतु तपासणीचा खर्च मोठा. तो स्वतःची समजूत घालतो की, हे जहाज इतक्या वादळांतून परत आले, याही वेळी येईल. हळूहळू त्याची खरोखरच खात्री पटते. जहाज बुडते आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्डचे म्हणणे असे की, त्याची खात्री प्रामाणिक होती म्हणून त्याची सुटका होत नाही, कारण तशी खात्री बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. तो आणखी पुढे जातो: जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो माणूस तितकाच दोषी ठरला असता; फक्त त्याचा दोष कोणाला कळला नसता.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने १८७३ मध्ये पुस्तक लिहून, नादुरुस्त व अतिभारित जहाजांवर खलाशी कसे मरतात हे इंग्लंडपुढे मांडले होते, आणि १८७६ मध्ये त्यासंबंधीचा कायदाही झाला होता. स्वतः क्लिफर्ड १८७० मध्ये सिसिलीजवळ फुटलेल्या जहाजातून वाचला होता.

क्लिफर्ड आपल्या विश्वासाचा मित्र नव्हता. त्याच्या निबंधाचा रोख धार्मिक श्रद्धेवरही आहे, आणि १८९६ मध्ये विल्यम जेम्स याने त्याला उत्तर दिले ते त्याचसाठी. धर्मशिक्षण घेणारे आपले बहुतेक विद्यार्थी जेम्सचे उत्तर पाठ करतात आणि क्लिफर्डचे पहिले पान ओलांडून जातात. मला वाटते, त्या पानावर थांबावयास हवे. कारण तो जहाजमालक आपल्या शंकेचे तोंड कशाने बंद करतो? ईश्वरी तरतुदीने! इतक्या दुःखी कुटुंबांना देव कसा सोडील, असे तो मनाशी म्हणतो. ख्रिस्ती वाचकाला इथे ठेच लागली पाहिजे. आपल्या घरांत, संस्थांत, मंडळ्यांच्या सभांत हे वाक्य किती वेळा, किती सोयीच्या वेळी उच्चारले जाते याचा विचार ज्याचा त्याने करावा. छताची तुळई कुजली आहे काय, वसतिगृहाच्या हिशेबात फट आहे काय, असे कोणी विचारले की प्रार्थनेचा प्रस्ताव येतो. प्रार्थना उत्तमच, पण त्या क्षणी ती झाकणावर बसण्यासाठी केलेली असते.

भाषांतराच्या कामात इब्री शब्दांशी रोजची झटापट असते, म्हणून एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. ‘बेदेक’ म्हणजे भेग, खिंडार, जिथून आत शिरकाव होतो ती जागा. यहेज्केलाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगरीला एका देखण्या जहाजाची उपमा दिली आहे. त्या जहाजावर गबालचे वडीलधारे व कुशल कारागीर आहेत, आणि त्यांचे काम जहाजाच्या ‘बेदेक’ची दुरुस्ती हे आहे. हाच शब्द २ राजे १२ मध्ये मंदिरासंबंधी येतो. दोन्ही ठिकाणी दुरुस्तीसाठी जे क्रियापद वापरले आहे त्याचा मूळ अर्थ बुजवणे असा नाही. त्याचा अर्थ घट्ट धरणे, बळकट करणे असा आहे. मराठीत ‘भेगा बुजवणारे’ असे सहज लिहून होते आणि वाचावयास ते सुरेखही लागते, पण त्यात मुद्दाच गळून जातो. भेग बुजवलेली दिसणे आणि ती जागा पुन्हा भार घेण्याजोगी होणे यांत अंतर आहे.

हे अंतर स्वतः यहेज्केलही दाखवतो. तेराव्या अध्यायात लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला चुन्याचा गिलावा देतात. पाऊस व गारा आल्या म्हणजे भिंतीबरोबर गिलावाही जाणार, आणि मग विचारले जाणार की, तुमचा तो गिलावा कुठे गेला? गिलावा करणारे आणि गबालचे कारागीर हे दोघेही झाकण्याचेच काम करतात. बाहेरून त्यांची हत्यारेही जवळजवळ सारखी दिसावीत. (उत्पत्ती ६:१४ मध्ये तारवाला डांबर लावण्यासाठी जो शब्द आहे त्याची व्यंजने प्रायश्चित्तवाचक शब्दाचीच आहेत, हे प्रवचनांतून पुष्कळ ऐकू येते. दोन्हींचे मूळ एकच की नुसते उच्चारसाम्य, याविषयी कोशकारांत मतभेद आहे. उपदेशकांनी त्यावर फार मोठी इमारत उभारू नये.)

गबालच्या कारागिरांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ते बंदरात नाहीत, जहाजावर आहेत. त्याच अध्यायात पुढे जहाज भर समुद्रात फुटते तेव्हा बुडणाऱ्यांच्या यादीत त्यांचेही नाव येते. क्लिफर्डचा मालक किनाऱ्यावर बसून विम्याची रक्कम मोजतो; हे लोक ज्या सांध्यावर काम करतात त्याच सांध्यावर त्यांचा जीव टांगलेला असतो.

२ राजे १२ मध्ये नेमका हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. योआश राजा याजकांना सांगतो की, मंदिरासाठी येणारा पैसा घ्या आणि मोडतोड दुरुस्त करा. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडते तरी भेगा आहेत तशाच! चोरी झाली असे शास्त्र म्हणत नाही. पैसा येत होता, उपासना चालू होती, भेगा सर्वांना माहीत होत्या, आणि पाहणे हे कोणा एकाचे काम नव्हते. तेव्हा यहोयादा याजक एक पेटी घेतो, तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीजवळ ठेवतो. दोघे मिळून पैसा मोजतात आणि तो कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती जातो; ते तो सुतारांना व गवंड्यांना देतात. विशेष हे की, त्या देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागितला जात नसे, कारण ते विश्वासूपणे वागत. क्लिफर्डला हे पटले नसते. मला यात विरोध दिसत नाही. विश्वास ठेवला तो भेगांची दुरुस्ती करवून घेणाऱ्या माणसांवर. न उचललेल्या झाकणावर ठेवला नाही.

परंतु लहान होडीच्या मालकाला हा न्याय जसाच्या तसा लावावा काय? तो श्रीमंत नसतो. होडी तीन दिवस किनाऱ्यावर राहिली तर घरात तीन दिवसांची मिळकत येत नाही. आणि बुडाली तर तो स्वतःच तिच्यासह बुडतो. विमा बहुधा नसतोच. या आक्षेपात तथ्य आहे आणि शहरात बसून तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपला जीव धोक्यात घालणे आणि परक्याचा घालणे एकाच मापाने मोजता येत नाही. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १९८६ मध्ये दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी हटले तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात प्रभू येशूच्या काळाच्या सुमाराची एक होडी सापडली. ती सुमारे आठ मीटर लांब आहे आणि तिच्यात बारा प्रकारचे लाकूड आढळले. जे लाकूड हाती येईल त्याने ती पुनःपुन्हा सांधलेली आहे. कुणा गरिबाचीच ती होडी असावी. तिच्यावर ठिगळे पुष्कळ आहेत, पण ती पाणी अडवण्यासाठी लावलेली आहेत. स्वस्त दुरुस्ती आणि खोटी दुरुस्ती या एक नव्हेत.

दुसरी गोष्ट खलाशाची. होडीवर मालक एकटा क्वचितच असतो. आपल्या किनाऱ्यावर आता परप्रांतांतून आलेली मुले खलाशी म्हणून काम करतात. त्यांपैकी काहींना पोहताही येत नसते. कप्प्यात पाणी येते हे मालकाला अंदाजाने माहीत असते, त्या मुलाला नसते. मालक स्वतःच्या जिवावर उदार होऊ शकतो. त्या मुलाच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

मात्र झाकणाचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा यात घाई करू नये. सप्टेंबर १९८० मध्ये डर्बीशर हे इंग्लंडचे प्रचंड मालवाहू जहाज जपानच्या दक्षिणेस तुफानात सापडून ४४ माणसांसह नाहीसे झाले. १९९८ मध्ये तज्ज्ञांच्या अहवालात असा निष्कर्ष आला की, नाळेतील सामानाच्या कोठडीचे झाकण खलाशांनी नीट बंद केले नसावे. म्हणजे दोष मेलेल्यांचा! नातेवाइकांनी ते मान्य केले नाही. २००० साली झालेल्या फेरचौकशीत खलाशी निर्दोष ठरले. लाटांनी पुढच्या भागावरील हवेच्या नळ्या व झरोके मोडून पाणी आत शिरले, नाळ खाली बसली आणि मग मालाच्या पहिल्या कोठाराचे झाकण लाटांच्या भाराखाली कोसळले, असे न्यायाधीशांनी ठरविले. त्या घरांना वीस वर्षे वाट पाहावी लागली. झाकणाला शेवटचा हात ज्याचा लागला तो सापडावयास सर्वांत सोपा असतो, आणि बहुधा तोच सर्वांत दुबळाही असतो.

शेवटी विक्रीचा प्रसंग राहतो, आणि खरी कसोटी मला तिथे दिसते. होडी विकावयाची आहे. झाकणाला नुकताच रंग दिला आहे. कप्पा आज कोरडा आहे, कारण होडी महिनाभर वाळूवर होती. घेणारा विचारतो, पाणी येते का? विकणारा म्हणतो, तुम्हीच उघडून पाहा. या उत्तरात एकही शब्द खोटा नाही, आणि घेणारा कोरडा कप्पा पाहून समाधानाने मान हलवतो. मोठ्या जहाजांच्या झाकणांसाठी एक साधी परीक्षा करतात. चौकटीच्या काठाला खडू घासून झाकण बंद करतात आणि पुन्हा उघडतात. रबरावर जिथे खडू उमटला नाही तिथे झाकण टेकत नाही. जिथे उमटला तिथे पाणी येणारच नाही असे यावरून सिद्ध होत नाही; त्यासाठी वरून नळीने पाण्याचा जोरदार झोत मारावा लागतो. होडी विकणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हे काम घेणाऱ्यावर सोडू नये. खडू त्याने स्वतः घासावा, झोत स्वतः मारावा, रबरावरची पांढरी रेघ जिथे तुटली असेल तिथे बोट ठेवून ती जागा घेणाऱ्याला दाखवावी, आणि त्यानंतर किमतीचे बोलणे काढावे.