उन्हावाचून

सजीव तो, जो खातो, वाढतो, आपल्यासारखे आणखी निर्माण करतो. ही व्याख्या शाळेत सगळ्यांनीच घोकलेली असते. हे सगळं किती वेळात व्हावं, हे मात्र तिच्यात कुठेच नसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग या सोन्याच्या खाणीत, २.८ किलोमीटर खोलीवर, खडकाच्या भेगेतल्या पाण्यात एक जिवाणू जवळजवळ एकटाच नांदताना सापडला. २००८ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. पाणी साठ अंशांच्या आसपास तापलेलं, प्राणवायू नाही, ऊन तर नाहीच. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो. त्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर त्याची गुजराण. कर्ब आणि नत्र मिळवण्याची जनुकंही त्याच्याकडे आहेत. एवढं स्वावलंबन आपल्याला झेपणारं नाही. आपली भाकरीसुद्धा शेवटी उन्हाचीच.

पण खरं चक्रावून टाकतं ते २०२१ मधलं संशोधन. सैबेरिया आणि कॅलिफोर्नियातल्या खोल भूजलात हाच जिवाणू मिळाला आणि तिन्ही ठिकाणच्या जनुकसंचांत फरक नगण्य निघाला. संशोधकांचा तर्क असा, की सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी महाखंड फुटू लागला तेव्हा ही कुळं वेगळी झाली आणि त्यानंतर जवळपास बदललीच नाहीत. डायनोसॉर गेले, हिमालय उभा राहिला. खाली त्याची दखल नाही. खोल खडकात पेशीचं एक विभाजन व्हायला शेकडो वर्षं लागत असावीत, असे अंदाज आहेत. पीएचडीच्या पाच वर्षांत ते कोण पाहणार?

जमिनीखाली खोल जीव असल्याच्या दाव्यांवर संशय घेणं रास्तच. १९२६ साली शिकागोच्या एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींच्या पाण्यात जिवाणू दाखवले, तेव्हा ते वरून मिसळले असतील असा आक्षेप आला. आक्षेप खोडसाळ नव्हता: छिद्र पाडताना आत सोडलेल्या पाण्या-चिखलाबरोबर जमिनीवरचे जंतू खाली जातातच. म्हणून आज छिद्रातून काढलेल्या दगडी गाभ्याचा बाहेरचा थर तासून आतला दगड तपासतात.

कोयनेतही तेच करावं लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर या परिसराची जमीन शांत अशी राहिलेलीच नाही. जलाशयाशी जोडलेल्या या भूकंपांच्या अभ्यासासाठी तिथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं. वर साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट, खाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट; आणि त्या दगडांत जिवाणूंच्या डीएनएच्या खुणा. सिलिकेटी खडक पाण्यात चिरडला की हायड्रोजन सुटतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. तेव्हा खडकांच्या ज्या सरकण्याने वर घरं पडतात, त्याच सरकण्याने खाली कुणाला अन्न मिळत असणं अगदी शक्य आहे. भूकंपाच्या चर्चेत हा मुद्दा येत नाही, यायला हवा.