आनंदाचे ऋण

आनंद उसना घेता येतो काय, आणि घेतलाच तर तो फेडावा लागतो काय, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पैशाचे देणे असते, उपकाराचे असते; पण एखादे गाणे ऐकून मन प्रसन्न झाले, तर त्यात कोणाचे काय गेले? ज्याचे गाणे, त्याच्यापाशी ते उरतेच. अमेरिकेतील स्विंग आणि जम्प ब्लूज या संगीतप्रकारांशी परिचय वाढू लागला, तसा हा प्रश्न आम्हांला तितकासा सोपा वाटेना.

या संगीताचे मर्म त्याच्या लयीत आहे. मात्रेचे दोन सारखे भाग न पाडता वादक पहिला भाग लांबवितात आणि दुसरा आखडतात. त्यातून जो झोका निर्माण होतो तोच स्विंग. १९३० नंतरच्या दशकात ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी यांच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनी या झोक्यावर सारी अमेरिका नाचविली. पुढे महायुद्धाच्या काळात एवढा संसार पोसणे जड झाले; तेव्हा लुई जॉर्डन यांच्यासारख्यांनी मोजके वादक घेऊन, सॅक्सोफोन पुढे ठेवून आणि शब्दांत थट्टा खेळवीत तीच लय अधिक उसळती केली. हा जम्प ब्लूज. चितळकर रामचंद्रांच्या 'अलबेला'तील (१९५१) गाण्यांवर ठेका धरलेल्या मराठी कानाला ही चाल अगदीच परकी वाटणार नाही.

परंतु ज्या समाजाने ही लय घडविली, त्याची स्थिती काय होती? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कॉटन क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत आणि श्रोत्यांच्या खुर्च्या गोऱ्यांसाठी राखीव असत. जॉर्डन यांचे 'चू चू चबूगी' १९४६ साली १८ आठवडे अग्रस्थानी राहिले. पण ते अग्रस्थान कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांसाठी वेगळ्या काढलेल्या यादीतले होते. १९५४ मध्ये बिग जो टर्नर यांनी गायिलेले 'शेक, रॅटल अँड रोल' हे गाणे त्याच वर्षी बिल हेली यांनी शब्द थोडे सौम्य करून गायिले, आणि गोऱ्या श्रोत्यांच्या विशाल बाजारात हेलींचीच तबकडी अधिक पोचली. हेलींनी चोरी केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा व्यवहार आम्हां सरकारी लेखनिकांना नवा नाही. आणि त्यात मसुदा लिहिणाऱ्याचे काहीच जात नाही, असे कोणी म्हटल्यास ते आम्हांला पटणार नाही.

मग हे संगीत ऐकताना मान खाली घालावी काय? आमच्या मते तेही चूकच. जॉर्डन यांची गाणी हसविण्यासाठी आहेत. हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहात, १९२६ पासून १९५८ पर्यंत, काळे आणि गोरे एकाच लाकडी भुईवर नाचले; तेथे लोक आपली दैना दाखवावयास जात नव्हते. ज्यांनी दुःखाला न जुमानता आनंद निर्माण केला, त्यांच्या आनंदात केवळ दुःखच शोधणे म्हणजे त्यांची कमाई नाकारणे होय. विस्मृती जशी अन्यायकारक, तशीच कीवही.

या दोहोंमधली वाट फ्रँकी मॅनिंग यांच्या चरित्रात आम्हांला दिसते. सॅव्हॉयमधला हा अग्रगण्य नर्तक. १९३५ साली जोडीदारणीला हवेत उलटी फिरवून उतरविण्याची करामत त्याने या नृत्यात आणली. स्विंगचे दिवस ओसरले आणि मॅनिंग टपालखात्यात नोकरीला लागले. तेथे त्यांची सुमारे तीन दशके गेली. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील आणि स्वीडनमधील तरुण नर्तक त्यांचा शोध घेत आले. जुन्या चित्रपटांतील पदन्यास या मुलांना उतरविता आले असते. पण तेवढ्यावर समाधान न मानता ती त्या वृद्धाकडे शिकावयास गेली. २००९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर निधन होईपर्यंत मॅनिंग देशोदेशी शिकवीत होते.

आपल्या परंपरेत ऋषिऋण नावाचे एक ऋण सांगितले आहे. ते धनाने फिटत नाही, अध्ययनाने फिटते. जे घेतले ते कोणाचे, कसे घडले, हे जाणून घेणे आणि पुढच्याला त्या नावानिशी सांगणे, एवढीच त्याची परतफेड. परप्रांतात घर केलेल्या आपणांस उसन्या आनंदाचा अनुभव रोजचाच आहे. शेजारच्या वंगबंधूंच्या पूजेत आपण रमतो, पण त्यांच्या घरची भाषा किती जण शिकतो? आज कोणतेही जुने ध्वनिमुद्रण घरबसल्या क्षणात ऐकू येते. मिळविण्याचे कष्ट सरले, आणि त्याबरोबर विचारपूस करण्याची सवयही सुटत चालली आहे. म्हणून ठेका अवश्य धरावा. मात्र तो धरणाऱ्याला टर्नर यांचे नाव ठाऊक असावे.