फुलांचा संकर व मनुष्याचा हात



गेल्या भाद्रपदांत मूर्तिजापुराजवळच्या एका खेड्यांत उपासना आटोपल्यावर एका वृद्ध बंधूंनीं मला विचारिलें, “पाळकसाहेब, एका फुलाचे पराग दुसऱ्यास लावून नवी जात करणें, ही देवाच्या कामांत ढवळाढवळ नव्हे काय?” त्यांच्याच शेतांत संकरित पऱ्हाटी फुलावर होती, तेव्हां प्रश्न वरवरचा नव्हता.

शंका जुनी आहे. लंडन येथील थॉमस फेअरचाइल्ड नामक माळ्यानें १७१७ च्या सुमारास दोन जातींच्या बागफुलांचा संकर केला. आणि १७२९ सालीं मरतांना, सृष्टींतील देवाच्या अद्भुत कृत्यांवर दरवर्षीं उपदेश व्हावा म्हणून २५ पौंड ठेविले. कोणी म्हणतात, त्याचें मन त्यास खात होतें. मला तें कृतज्ञतेचें दान वाटतें.

आतां आपली कपाशी पाहा. १९७० सालीं सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं ‘एच-४’ ही जगांतील पहिली व्यापारी संकरित कपाशी काढिली. पुढें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानेंही असे वाण दिले. रीत अशी: उद्यां उमलणाऱ्या कळीच्या पाकळ्या व पुंकेसर सायंकाळीं नखानें काढावयाचे, ती झांकून ठेवावयाची, आणि सकाळीं दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलाचे पराग तिच्या स्त्रीकेसरावर घासावयाचे. यांत मनुष्यानें नवें काय उत्पन्न केलें? परागाचा एक कणही नाहीं. मधमाशी अजाणतां करिते तें तो जाणून करितो. बीं धरविणें त्याच्या हातीं नाहींच. म्हणून यांत मला पाप दिसत नाहीं, असें मीं त्यांस सांगितलें.

परंतु त्यांनीं न विचारिलेली गोष्ट मला अधिक बोंचते. हें काम एकेका फुलावर करावें लागतें. संकरित पिकाची सरकी पुढल्या वर्षीं पेरिली तर पीक तसेंच येत नाहीं; म्हणजे दरवर्षीं नवें बीं, आणि दरवर्षीं पुन्हां तींच असंख्य फुलें. आंध्र, गुजरात, कर्नाटक येथील बीजोत्पादनाच्या शेतांत तीं फुलें वर्षानुवर्षें लहान मुलींकडून खुडविलीं गेलीं. आईबापांस आगाऊ पैसे देत, आणि मुलगी शाळेच्या ऐन दिवसांत शेतांत उभी राही. मुलींचीं बोटें नाजूक म्हणून, असें सांगत. मजुरी थोडी द्यावी लागे, हें सांगत नसत. २०१६ च्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई झाली. घरच्या कामाला मात्र शाळेबाहेरच्या वेळेपुरती सूट आहे, आणि त्या सुटीच्या आड पुष्कळ कांहीं लपूं शकतें.

हें ऐकून ते बंधु बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग पिशवी घेतांना हें विचारावें कोणास?” तयार उत्तर मजपाशीं नव्हतें. पुढच्या बाजाराच्या दिवशीं आम्ही दोघे मूर्तिजापुरास बियाण्याच्या दुकानीं विचारावयास जाणार आहों.