होकाराआधीचं आडनाव

आमच्याकडे घर भाड्याने घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. संग्रामपूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे गोडं पाणी कुठून येतं आणि किती दिवसांआड येतं हे कळल्याशिवाय कोणी खोल्या बघायला आत येत नाही. घर देणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. आडनाव काय? आडनावावरून नीट उमगलं नाही, तर मूळ गाव कोणतं, तिकडे कोणाकडचे? पाण्याचा प्रश्न घराबद्दलचा आहे. आडनावाचा प्रश्न कशाबद्दलचा आहे, हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारलं त्याला, दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

वरवट बकालचं आमचं घर आजी गेल्यापासून बंद आहे. आई-बाबा अकोल्याला, मी पुण्यात. बंद घराला वाळवी लवकर सापडते. तेव्हा भाड्याने देऊ, निदान वरचे पत्रे बदलण्याचा खर्च निघेल, असा विचार पुढे आला. ‘वरकमाई’ म्हटलं की सरकारी नोकरीत हयात गेलेल्या बाबांना भलतंच ऐकू येतं, म्हणून घरात या पैशाला ‘दुरुस्तीचे पैसे’ म्हणतात. प्राप्तिकर कायदा त्याला उत्पन्नच म्हणतो; फक्त घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातले तीस टक्के दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट सोडून देतो, पावत्या मागत नाही. म्हणजे बाबा तीस टक्के बरोबर आहेत.

विचारणा दोघांनी केली. एका व्यापाऱ्याला भाव वाढेपर्यंत कापूस ठेवायला जागा हवी होती. दुसरं एक जोडपं. बाई गावातल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका, सोबत लहान मुलगी. व्यापारी हजारभर रुपये जास्त द्यायला तयार होता. पण मला अडलं ते पैशापाशी नाही. व्यापाऱ्याच्या बाबतीत घरात चर्चा झाली ती उंदीर, आग आणि पावसाची. कापूस कोणाच्या वावरातला, कोणत्या बायांनी वेचलेला, हे कोणी विचारलं नाही. विचारणं वेडेपणाचंच ठरलं असतं. तो कापूस आजीच्या माजघरात थेट छताला टेकेपर्यंत भरला असता आणि देवघराच्या भिंतीला लागला असता, तरी काही बिघडणार नव्हतं. परिचारिकाबाईंच्या बाबतीत मात्र उंदरांचा विषय निघायच्या आधीच आडनाव निघालं.

बाबांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्यांच्या दोन भीती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, घर परत मिळेल का? विदर्भात १९५८च्या कूळकायद्यानंतर ‘कूळ लागलं’ हा शब्दप्रयोग घराघरात रुजला. ज्यांची जमीन गेली नाही त्यांनीही ती धास्ती वारशाने घेतली. पण या भीतीवर उपाय कागदाचा आहे: मुदतीचा लेखी, नोंदणीकृत करार. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट शुल्क घेण्याची तरतूद आहे. उच्चकुलीन भाडेकरू घर वेळेवर सोडतो, असा अनुभव मुंबई-पुण्यातल्या एकाही घरमालकाने मला सांगितलेला नाही.

दुसरी भीती म्हणजे देवघराची, चुलीची. ते आजीचं घर आहे. इथे बाबा ‘घर’ हा शब्द एका अर्थाने वापरतात आणि भाडं दुसऱ्या अर्थाच्या घराचं घेऊ पाहतात. राहत्या घरात कोणाला चुलीपर्यंत येऊ द्यायचं, यावर मी बाबांशी वेगळं भांडेन; पण निदान तिथे ते स्वतः राहत असतील. ज्या दिवशी आपण त्याच चुलीचा महिन्याचा भाव सांगतो, त्या दिवशी ती वस्तू बाजारात येते. बाजारातला पैसा घ्यायचा आणि घरातली सोवळ्याची मुभाही ठेवायची, हे मला पटत नाही. त्यातून बाबांनी एक खोली कुलूप लावून ठेवायचं ठरवलं आहे: आजीचा बंब, जातं, पितळी भांडी. ते मला पूर्ण मान्य आहे. जे द्यायचं नाही ते दिलेलं नाही, आणि त्याचं भाडंही घेतलेलं नाही.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आहेत, सार्वजनिक विहिरी आणि तलाव आहेत. खासगी घरातली भाड्याची खोली नाही. म्हणजे पाणी त्या यादीत आलं, छप्पर राहिलं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबद्दल केलेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या नावावरून दलितांना आणि त्याहून जास्त मुसलमानांना नकार मिळतो, असं त्यात दिसलं. ज्यांनी स्वतः खोली शोधली आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

बाबासाहेबांनी १९१७ सालचा बडोद्याचा प्रसंग लिहून ठेवला आहे. कोलंबियात शिकून आलेला माणूस संस्थानच्या नोकरीसाठी पोहोचतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. एक पारशी सराय ओस पडलेली असते. तिच्या राखणदाराला चार पैसे सुटणार असतात, म्हणून तो रोज दीड रुपयावर राहू देतो. अट एवढीच, की वहीत पारशी नाव लिहायचं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं येतात आणि खोली सोडायला लावतात. मग एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही आपापल्या घरात जागा द्यायचं टाळतात. मी हा प्रसंग वाचतो तेव्हा माझं लक्ष त्या राखणदाराकडे जातं. सराय रिकामी होती, वरकमाई हवी होती, पैसे घ्यायला त्याची ना नव्हती. फक्त वहीतलं नाव दुसरं हवं होतं. रिकामं घर आणि दुरुस्तीचे पैसे यांच्या मधोमध आज आम्हीही उभे आहोत, आणि आमच्याकडे तर बाहेरून काठ्या घेऊन येणारंही कोणी नाही.

यावर मला ऐकवलं गेलं की आडनाव कळणारच आहे, करारात आधार कार्ड लागतं. बरोबर. नाव लपवावं असं मी म्हणत नाही. ती अट राखणदाराची होती. मी क्रम बदलायला सांगतो आहे. किती माणसं, किती महिने, भाडं कधी, पाण्याचं काय, एवढं बोलून होकार किंवा नकार द्यायचा. मग कागद करताना नाव लिहायचं. होकारानंतर आलेलं आडनाव ही नोंद असते, होकाराआधीचं आडनाव ही चाळणी. माझ्या कामात रोजच कुठली तपासणी आधी चालवायची हे ठरवावं लागतं, कदाचित म्हणून मी या क्रमाला इतका चिकटतो. बाबा म्हणतात, ‘‘तू पुण्यात बसून बोलतोस, गावात तोंड आम्हाला दाखवायचं आहे.’’ खरं आहे. पण गावात तोंड दाखवायला आम्ही वर्षातून किती दिवस जातो, हेही त्यांना माहीत आहे. आईने यात एकच वाक्य टाकलं: आजीच्या शेवटच्या आजारात तिला सलाईन लावणाऱ्या बाईंना आपण काय विचारलं होतं?

बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. व्यापाऱ्याने दुसरीकडे गोदाम धरलं. परिचारिकाबाई सध्या शेगावहून ये-जा करतात. रात्रपाळी असली की मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवतात. घराची किल्ली आमच्या शेजारच्या काकूंकडे आहे. परवा त्यांचा फोन आला होता. पाण्याची नवी तोटी बसवायची तर आत्ताच सांगा, म्हणाल्या, प्लंबर गावात आलेला आहे. मी बसवा म्हणालो.