आतड्याचा आजार आणि रुग्णाचे ज्ञान

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या चिवट विकारात पोट वारंवार दुखते, शौचाच्या सवयी बदलत राहतात, पण दुर्बिणीच्या तपासणीत आतड्याला जखम वा सूज आढळत नाही. निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावरच उभे राहते, आणि म्हणूनच अशा रुग्णाला शिकवावे कसे, हा प्रश्न ज्ञानाचा अधिकारी कोण, या जुन्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना मार्गदर्शक पुस्तिका दिली, तर काहींना निरनिराळ्या तज्ज्ञांच्या सहा गटबैठकांना बोलावले. बैठकांना बसलेल्यांची समज तर अधिक वाढलीच, शिवाय पोटाच्या तक्रारी आणि त्यांविषयीची धास्तीही अधिक उतरली. प्लेटोने ‘लॉज’ या संवादग्रंथात दोन प्रकारचे वैद्य वर्णिले आहेत: गुलामांचा वैद्य काही न विचारता हुकूम सोडतो, तर स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रुग्णाशी बोलतो, त्याच्याकडून शिकतो आणि त्याला पटल्यावाचून उपचार सांगत नाही. पुस्तिका हुकूम सोडत नाही हे खरे, परंतु तिला ऐकता येत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत: स्मरणशक्ती, वैद्याच्या सूचना पाळणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था नीट सांगता येणे. आरोग्यशिक्षणाचा भर बहुधा दुसऱ्या गुणावर असतो. या विकारात मात्र चौथाच निर्णायक ठरतो, कारण शौचानंतर कळ उतरते की वाढते, दूध बाधते पण दही सोसते का, हे रुग्णावाचून कोणालाच सांगता येत नाही, आणि असे सांगणे चारचौघांत बोलूनच अंगवळणी पडते. शौचाविषयी बोलण्याचा संकोच इतका खोल असतो की काहींना एकांतात वाचायची पुस्तिकाच आधी जवळची वाटावी, हेही समजण्याजोगे आहे.

न्यायदर्शनात विश्वसनीय वक्त्याला ‘आप्त’ म्हटले आहे. ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. या कसोटीवर बैठकीत शेजारी बसलेला रुग्णही दुखण्याच्या अनुभवापुरता आप्त ठरतो, मग आतड्याच्या रचनेविषयी त्याला काहीच ठाऊक नसले तरी.